किती टाके पडले गं?

बाळंतिणीला बघायला गेलं की आपले प्रश्न ठरलेले असतात. मुलगा की मुलगी, वजन किती, नॉर्मल की सिझर, दूध पुरतंय का... आणि मग आवाज जरासा खाली आणून, "टाके किती पडले गं?" कुणी पाच सांगते, कुणी अकरा. एखादी म्हणते, "मोजायचं भान कुणाला होतं बाई!" सगळ्या हसतात आणि बोलणं बाळाच्या जावळाकडे वळतं. माहेरी, सासरी, आता राहते त्या तालुक्याच्या गावी, गेली पंचवीस वर्षं मी हाच प्रश्न ऐकत आले आहे. त्यापुढे मात्र कुणी जात नाही. ते टाके का पडले, किती खोल होते, नीट जुळले का, आता काही त्रास होतो का, हे ना आपण विचारत, ना दवाखान्यात कुणी विचारत.

मैत्रिणींनो, आज त्याविषयीच लिहायचं आहे. विषय संकोचाचा आहे खरा. ही पुरवणी घरातले सगळेच वाचतात, सकाळच्या चहाबरोबर सासरेही वाचतात. पण मूतखड्याबद्दल आणि मूळव्याधीबद्दल आपल्याकडे चारचौघांत मोकळेपणी बोलतात की! मग ज्या वाटेने घरातलं पोर जगात आलं, त्या जागेच्या दुखण्याबद्दल बाईनेच का गप्प बसायचं?

आकडा आणि जखम

बाळाचं डोकं बाहेर येताना योनीमार्ग आणि शौचाची जागा यांच्या मधल्या भागावर सगळा ताण येतो. तो भाग ताणतो, कधी आपोआप फाटतो, तर कधी डॉक्टर किंवा सिस्टर कात्रीने चिरा देतात. आपण त्याला 'कट दिला' म्हणतो, डॉक्टरी भाषेत एपिसिओटॉमी. पहिल्या खेपेला नॉर्मल बाळंतपण होणाऱ्या दहापैकी नऊ जणींना थोडीफार तरी इजा होते, असं ब्रिटनमधल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची संस्था सांगते. तेव्हा टाके पडले यात नवल नाही आणि त्यात घाबरण्यासारखंही काही नाही. बहुतेक जखमा काही आठवड्यांत भरून येतात.

पण जखम आणि जखम यांत फरक असतो. डॉक्टर तिच्या चार पायऱ्या मानतात, त्याला ते डिग्री म्हणतात. फर्स्ट डिग्री म्हणजे नुसती कातडी फाटलेली. सेकंड डिग्री म्हणजे कातडीखालचा स्नायूही फाटलेला. आपल्यापैकी बहुतेकींचे टाके या दोन प्रकारांतले. थर्ड डिग्रीमध्ये इजा मागच्या स्नायूपर्यंत पोचते. शौचाच्या जागेभोवती एक गोल स्नायू असतो. बटव्याच्या तोंडाला जसा बंद असतो, तसा तो. आवळला की वाट बंद, सैल सोडला की वाट मोकळी. हा बंद तुटला तर वारा किंवा शौच अडवून धरता येत नाही. आणि फोर्थ डिग्रीमध्ये त्याच्याही आतलं, आतड्याचं अस्तर फाटतं.

आता सांगा, "किती टाके?" या प्रश्नाला काय अर्थ उरला? कातडीवर पंधरा टाके पडलेली महिन्याभरात ठणठणीत होऊ शकते आणि वरवर पाचच टाके घातलेली, पण आतला बंद तुटलेला तसाच राहिलेली, आयुष्यभर सोसत राहते. शिवणकाम करणाऱ्या बाईला हे चटकन कळेल. ब्लाउजचं वरचं कापड सुबक शिवलं आणि आतलं अस्तर उसवलेलं तसंच ठेवलं, तर दिसायला सगळं झ्याक, पण टिकणार किती?

तिसऱ्या-चौथ्या पायरीच्या जखमा कमी असतात, पण दुर्मीळ म्हणाव्यात इतक्याही नाहीत. ब्रिटनच्या त्याच संस्थेने २०१५ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार तिथे नॉर्मल बाळंतपण झालेल्या शंभरात साधारण तिघींना आणि पहिलटकरणींमध्ये शंभरात सहा जणींना अशी खोल इजा होते. पहिली खेप, चार किलोच्या वरचं बाळ, बाळाचं तोंड वरच्या बाजूला असणं, कळा देण्याचा शेवटचा टप्पा लांबणं, चिमटा लावून बाळ काढणं, अशा वेळी धोका वाढतो. आशियाई वंशाच्या बायकांमध्ये तिथे हे प्रमाण जास्त आढळलं आहे, हेही त्या मार्गदर्शनात नोंदलेलं आहे.

हळदीकुंकवाला न येणाऱ्या वहिनी

आमच्या नात्यात एक वहिनी आहेत. त्यांच्या परवानगीनेच लिहिते आहे, नाव मात्र नको म्हणाल्या. त्यांचं पहिलं बाळंतपण १९९८ सालचं. बाळ पावणेचार किलोचं, कळा देऊन देऊन त्या थकलेल्या, शेवटी चिमटा लावून बाळ काढलं. टाके पडले आठ. तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. पाचव्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की वारा सरतो तो कळतच नाही. मग एके दिवशी लुगड्याला डाग. आईला सांगितलं तर आई म्हणाली, "ओली बाळंतीण आहेस, अंग अजून आवळलेलं नाही. होईल बरं." सव्वा महिना झाला, ओटी भरून सासरी आल्या, तरी बरं झालं नाही.

पुढची अकरा वर्षं वहिनींनी ते अंगावर काढलं. आम्हाला काय दिसायचं? वहिनी हळदीकुंकवाला आल्या तर दारातच ओटी घेऊन परत फिरायच्या. पंगतीला बसायच्या नाहीत, वाढायला उभ्या राहायच्या. लग्नाला यायचं तर बसने लांबचा प्रवास नको म्हणायच्या. एसटीत बसायच्या आधल्या दिवशी त्या जेवतच नव्हत्या, हे आम्हाला फार उशिरा कळलं. बायका म्हणायच्या, "फार शिष्ट आहे." नवरा म्हणायचा, "हिला माणसांत मिसळायला आवडत नाही." रात्री त्यांनी वेगळं अंथरूण घातलं, तेव्हा घरात कुजबुज झाली ती वेगळीच. खरं कारण त्या एकाही माणसाला सांगू शकत नव्हत्या. "काय सांगू? माझ्या अंगाला वास येतो, असं सांगू?" त्या मला नंतर म्हणाल्या.

२००९ साली पोटाच्या दुसऱ्याच तक्रारीसाठी त्या मोठ्या सरकारी रुग्णालयात गेल्या. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासता तपासता सरळ विचारलं, "शौच, वारा अडवता येतो का?" अकरा वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा कुणी विचारला होता. वहिनी तिथेच रडायला लागल्या. तपासणीत कळलं, पहिल्या बाळंतपणात मागचा स्नायू फाटला होता आणि वरची कातडीच तेवढी शिवली गेली होती. मग ऑपरेशन झालं, स्नायूंचे व्यायाम शिकवले गेले. पूर्वीसारखं शंभर टक्के काही झालं नाही, वारा अजूनही कधीकधी दगा देतो. पण वहिनी आता पंगतीला बसतात. पंढरपूरला जाऊन आल्या. मला त्यांचं एकच म्हणणं लिहायला सांगितलं आहे: "माझं दुखणं मोठं नव्हतं गं. ते कुणी बघितलंच नाही, म्हणून मोठं झालं."

बघणाऱ्याला दिसतं

वहिनींचं म्हणणं शब्दशः खरं आहे, हे मला २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासावरून कळलं. लंडनजवळच्या क्रॉयडनमधला हा अभ्यास. तिथल्या रुग्णालयात पहिल्यांदा बाळंत झालेल्या २४१ बायकांना टाके घालण्यापूर्वी, या विषयात मुद्दाम शिकलेल्या डॉक्टरने पुन्हा एकदा तपासलं. आधीच्या तपासणीत खोल जखम शंभरात अकरा जणींना असल्याचं वाटत होतं. फेरतपासणीत तो आकडा दुपटीहून जास्त, जवळजवळ पंचवीस निघाला. सुईणींनी तपासलेल्या बायकांमधल्या खोल जखमांपैकी ८७ टक्के आणि डॉक्टरांनी तपासलेल्यांमधल्या २८ टक्के नजरेतून सुटल्या होत्या. ही गोष्ट लंडनच्या आसपासची. मग एका रात्रीत सात-आठ बाळंतपणं उरकणाऱ्या आपल्याकडच्या लेबर रूममध्ये काय सुटत असेल, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

आणि हे शोधायला लागतं तरी काय? मोठं मशीन लागत नाही. चांगला दिवा, पाय नीट ठेवता येतील असं टेबल, रक्त पुसून जागा स्वच्छ करायला कापूस, हातमोजा घातलेलं एक बोट आणि पाच मिनिटं. टाके घालण्यापूर्वी आणि घातल्यावर मागच्या जागेत बोट घालून बघणं, हा तपासणीचा भागच आहे. तसं केलं तरच स्नायू शाबूत आहे की तुटला, ते कळतं. खोल जखम आढळली तर ती लेबर रूमच्या अंधुक उजेडात घाईने शिवायची नसते. ऑपरेशन थिएटरमध्ये, पूर्ण भूल देऊन किंवा कमरेत इंजेक्शन देऊन, जाणत्या हातानेच ती शिवली पाहिजे. नंतर अँटिबायोटिक, शौच मऊ होण्याचं औषध, व्यायाम आणि सहा ते बारा आठवड्यांनी पुन्हा तपासणी. गावच्या दवाखान्यात हे होणार नसेल, तर जखमेवर दाबून कापड लावून बाईला मोठ्या ठिकाणी पाठवायचं. त्यात कुणाचा कमीपणा नाही. वेळेवर ओळखून नीट शिवलं तर शंभरातल्या साठ ते ऐंशी जणींना वर्षभराने काहीच त्रास उरत नाही, असं ब्रिटनचंच मार्गदर्शन सांगतं.

कट द्यायलाच हवा का?

"पहिलटकरीण आहे ना, मग कट द्यावाच लागतो," हे वाक्य आपण इतकं ऐकलंय की तो नियमच वाटतो. या समजुतीला शंभर वर्षं होऊन गेली. १९२० साली शिकागोच्या जोसेफ डिली नावाच्या प्रसूतितज्ज्ञाने सरसकट चिरा द्यावा आणि चिमटा लावून बाळ काढावं, असा आग्रह धरला. सरळ चिरा बरा, वेडंवाकडं फाटण्यापेक्षा, असा त्यामागचा विचार. ऐकायला पटतो. पण पुढे जेव्हा अभ्यास झाले, तेव्हा उलटंच निघालं. सगळ्यांना सरसकट कट देण्यापेक्षा गरज असेल तिलाच दिला, तर खोल जखमा साधारण तीस टक्क्यांनी कमी होतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली स्पष्टच सांगितलं की नैसर्गिक बाळंतपणात सरसकट कट देऊ नये. पोट वरून दाबून बाळ ढकलण्याची पद्धतही त्याच शिफारशींनी नाकारली आहे.

कट कधीच देऊ नये असं मात्र नाही. बाळाचे ठोके कमी झाले, चिमटा लावायची वेळ आली, तर तो द्यावा लागतो. द्यायचा तर मधोमध सरळ खाली नाही, एका बाजूला तिरका द्यायचा, म्हणजे तो मागच्या स्नायूपर्यंत जात नाही. आणि द्यायच्या आधी बाईला सांगायचं, भुलीचं इंजेक्शन द्यायचं.

फाटणं कमी व्हावं म्हणून काही साधे उपायही आहेत. बाळाचं डोकं खाली येत असताना गरम पाण्यात भिजवून पिळलेलं कापड त्या जागेवर धरायचं. डोकं बाहेर पडताना हाताने आधार द्यायचा आणि बाईला जोर करू न देता हळूहळू श्वास सोडायला सांगायचं. 'जोर लाव, जोर लाव' असा गलका त्या क्षणी कामाचा नसतो. गरम पाणी आणि फडकं तर आपल्या आज्याही बाळंतपणाला आधी मागायच्या!

"एवढं बाळ काढलंस, आता टाक्यांना रडतेस?"

माझं पहिलं बाळंतपण २००१ साली एका खासगी दवाखान्यात झालं. टाके घालताना प्रत्येक वेळी सुई आत जाताना कळत होती. मी ओरडले, तर हे वरचं वाक्य ऐकायला मिळालं. किती टाके, कसले टाके, काही सांगितलं नाही. कार्डावर लिहिलं, 'नॉर्मल डिलिव्हरी'. दुसरं बाळंतपण चार वर्षांनी, ग्रामीण रुग्णालयात. भिंतींचे पोपडे निघालेले, पंखा कुरकुरणारा. पण सिस्टर आली, दिवा जवळ ओढला आणि म्हणाली, "ताई, आता मी नीट बघणार आहे. मागच्या जागेतही बोट घालून बघावं लागेल, घाबरू नका." तिने इंजेक्शन दिलं, जागा बधिर होईपर्यंत थांबली, "टोचतंय का?" असं विचारलं आणि मगच टाके घातले. शेवटी म्हणाली, "स्नायू फाटला होता थोडा, सेकंड डिग्री. मागचं सगळं शाबूत आहे." ते तिने कार्डावर लिहूनही दिलं.

दोन्ही ठिकाणी टाकेच पडले. पण उपचाराचा दर्जा म्हणजे काय, हे मला त्या पोपडे निघालेल्या खोलीत कळलं. दर्जा म्हणजे एसी आणि संगमरवरी फरशी नव्हे. नीट बघणं, दुखू न देणं, खरं सांगणं आणि लिहून देणं, एवढ्या चार गोष्टी.

आपल्या राज्यात आता जवळपास सगळ्याच बायका दवाखान्यात बाळंत होतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २००५-०६ साली महाराष्ट्रात दवाखान्यातल्या बाळंतपणांचं प्रमाण ६५ टक्क्यांच्या घरात होतं, ते २०१९-२१ मध्ये ९५ टक्क्यांच्या जवळ पोचलं. ही फार मोठी गोष्ट आहे, त्याने कितीतरी जिवं वाचले. पण बाई दवाखान्याच्या दारापर्यंत आली, आता आत तिच्याशी काय होतं हे बघायची पाळी आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये 'लक्ष्य' नावाचा कार्यक्रम काढला तो यासाठीच. सरकारी लेबर रूमचा दर्जा सुधारावा, बाईला सन्मानाने वागवावं, तिच्याबरोबर घरची एक बाई थांबू द्यावी, हे सगळं त्यात आहे. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधं आणि लागणारं साहित्य फुकट आहे. तेव्हा टाक्यांचा धागा किंवा भुलीचं इंजेक्शन बाहेरून आणायला सांगितलं, तर 'का?' असं विचारायचा आपल्याला हक्क आहे.

घरी आल्यावर

दवाखान्याला बोल लावताना घराकडेही बघू या. आपल्याकडे बाळंतिणीचे लाड कमी होत नाहीत. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, तेलमालीश, शेक. पण काही रीती टाक्यांच्या मुळावर येतात. पहिली म्हणजे पाणी तोडणं. "जास्त पाणी प्यायलीस तर पोट सुटेल," म्हणून घोट-घोट पाणी देतात, पालेभाजी नको, फळ नको. परिणाम काय? शौचाला खडा होतो, कुंथावं लागतं आणि ताज्या टाक्यांवर ताण येतो. दूध पाजणाऱ्या बाईला तर उलट जास्त पाणी लागतं. पाणी, ताक, भाजी, फळं भरपूर द्या. डिंकाचा लाडूही द्या, कुणी नको म्हटलंय!

दुसरी, शेगडीचा शेक आणि ओवा-शेपाची धुरी. कमरेला, पाठीला शेक बरा वाटतो. पण ताज्या टाक्यांवर निखाऱ्याची धग आणि धूर नको, कातडी भाजते. त्याऐवजी टबात कोमट पाणी घेऊन दिवसातून दोन-तीनदा दहा मिनिटं बसावं आणि स्वच्छ कापडाने टिपून कोरडं करावं. धुताना पुढून मागे धुवायचं. पॅड किंवा घडी तीन-चार तासांनी बदलायची. जुन्या कपड्याची घडी असेल तर ती साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवलेलीच हवी, पलंगाखाली लपवून वाळवलेली नको. दुखत असेल तर पॅरासिटामॉलसारखी गोळी दूध पाजतानाही चालते, डॉक्टरांना विचारून घ्यावी. दात-ओठ खाऊन सोसण्यात काही पुण्य नाही.

तिसरी गोष्ट सव्वा महिन्याची. दीड महिन्याला बाळाला डोस द्यायला आपण न चुकता नेतो. बाळाचं वजन होतं, लस होते. त्याच बाकावर आई बसलेली असते, तिला कुणी विचारत नाही आणि तीही सांगत नाही. तिची तपासणीही त्याच दिवशी व्हायला हवी. आशाताई तर दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात. त्या बाळाला बघतात, तेव्हा सासूबाईंना जरा चहा ठेवायला पाठवा आणि आपलं दुखणं त्यांच्या कानावर घाला.

न बोलण्याची ही सवय जुनीच आहे. १९८९ साली डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या ६५० बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास आढळला आणि पूर्वी कधी तपासणी झाली होती ती फक्त आठ टक्के बायकांची. तो अभ्यास टाक्यांपुरता नव्हता, पण 'बाईचं दुखणं म्हणजे बाईचं नशीब' ही समजूत किती पोटात भिनलेली आहे, ते त्यातून दिसलं. त्याउलट फ्रान्समध्ये बाळंतपणानंतर ओटीपोटाखालच्या स्नायूंना बळ देणारे व्यायाम शिकवले जातात आणि त्याचा खर्च सरकारी आरोग्य विमा उचलतो. तो व्यायाम आपण घरीही करू शकतो. अमेरिकेतल्या डॉ. अर्नोल्ड केगल यांनी १९४८ साली तो लोकांपुढे मांडला. चारचौघांत वारा अडवताना आपण जसं आवळतो, तसं आवळायचं, पाच आकडे मोजायचे, सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोट आणि मांड्या ढिल्या ठेवायच्या, श्वास रोखायचा नाही. भाकरी थापताना करा, बाळाला पाजताना करा, कुणाला कळतसुद्धा नाही! जखम खोल असेल तर मात्र कधी सुरू करायचा ते डॉक्टरांना विचारून ठरवा.

आणि नवरोबांनाही एक सांगणं आहे. टाके भरले म्हणजे बाई लगेच 'पूर्ववत' झाली असं नसतं. ती दुखतंय म्हणते तेव्हा ते नखरे नसतात. शरीरसंबंधाच्या वेळी दोन-तीन महिन्यांनीही दुखत असेल तर दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावं.

विचारायला भ्यायचं कशाला?

"डॉक्टरांना कसं विचारायचं? रागावले तर?" हे मला माहीत आहे. मीही त्याच दवाखान्यांत जाते. पण विचारणं म्हणजे भांडणं नव्हे. २००२ सालच्या भारतीय वैद्यक परिषदेच्या नियमांनुसार, रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत त्याचे उपचाराचे कागद द्यावे लागतात. महाराष्ट्रात २०२१ साली नर्सिंग होमच्या नियमांत दुरुस्ती होऊन रुग्णांच्या हक्कांची सनद खासगी दवाखान्यांत लावणं बंधनकारक झालं. आजाराची माहिती मिळणं, संमती विचारली जाणं, पुरुष डॉक्टर तपासत असताना एक बाई हजर असणं, हे आपले हक्क आहेत. आणि बऱ्याच डॉक्टरांना, सिस्टरांनाही कुणी नीट विचारलं तर बरंच वाटतं, असा माझा अनुभव आहे.

सुरुवात आपल्यापासून करू या. पुढच्या वेळी एखादीच्या बारशाला जाल, तेव्हा टाक्यांचा आकडा विचारून गप्प बसू नका. तिला जरा बाजूला घ्या. "शौचाला, लघवीला काही त्रास होतो का गं? वारा अडतो का?" असं विचारा. ती लाजेल, "काहीतरीच काय, काकू!" म्हणेल. पण तिला त्रास होत असेल, तर दोन दिवसांनी ती आपणहून तुमच्याकडे येईल. तेव्हा तिला घेऊन दवाखान्यात जा.

कापून ठेवा

*बाळंतपणापूर्वी विचारा:* गरज असेल तरच कट देता ना? द्यायच्या आधी सांगाल ना? माझ्याबरोबर घरची बाई थांबू शकेल का?

*टाक्यांच्या वेळी विचारा:* जागा बधिर केली का? मागचा स्नायू तपासला का? जखम कितव्या डिग्रीची आहे? ते कार्डावर लिहून द्याल का?

*घरी गेल्यावर ही लक्षणं दिसली तर लगेच दवाखान्यात जा:* ताप किंवा थंडी, टाक्यांतून पू किंवा घाण वास, टाके उसवणं, दुखणं कमी होण्याऐवजी वाढणं, पॅड तासाभरात भिजेल इतका रक्तस्राव.

*ही लक्षणं अंगावर काढू नका:* वारा किंवा शौच न अडणं, कपड्याला शौचाचा डाग, योनीमार्गातून वारा किंवा शौच येणं, खोकताना-शिंकताना लघवी होणं, अंग बाहेर आल्यासारखं वाटणं. बाळंतपणाला कितीही वर्षं झाली असली तरी यावर उपचार आहेत.

*पुढच्या खेपेला:* आधी खोल जखम झाली असेल तर नाव नोंदवतानाच डॉक्टरांना सांगा आणि जुनं कार्ड दाखवा. नॉर्मल की सिझर, हे तुमचा त्रास बघून त्यांच्याशी बोलून ठरवता येतं.